बाहेर भरवताना: नावं ठेवणारे आणि ऐकून घेणारे

एक ते तीन वर्षांच्या मुलांना घराबाहेर भरवण्याबद्दल दोन तऱ्हेची पत्रं आली. काहींना दुसऱ्या आईबापांचं भरवणं बघवत नाही, तर काही जण आजूबाजूच्यांच्या नजरांनी ओशाळतात. त्यांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

हॉटेलात शेजारच्या टेबलावर एक आई दीड-दोन वर्षांच्या मुलाला मोबाइल दाखवत भरवत होती. तो पडद्यावरून नजर न हलवता नुसतं तोंड उघडत होता. मला राहवलं नाही, मी तिला बोलले. ती काही न बोलता बिल देऊन निघून गेली. माझं चुकलं का? (पुणे)

तुमची माहिती बरोबर आहे, पण तिथे बोलायला नको होतं. दोन वर्षांपर्यंत मुलांना पडदा दाखवू नये आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, असं भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2021 मध्येच सांगितलं आहे. जेवताना तर तो टाळावाच. लक्ष पडद्यात असलं की पोट भरल्याचं मुलाला कळत नाही. घास गालात धरून ठेवला जातो, चावणं कमी होतं. शिवाय ताटात काय आहे हे मूल बघतच नाही, त्यामुळे भोपळ्याची भाजी महिनाभर पोटात गेली तरी त्याच्यासाठी ती अनोळखीच राहते.

पण तुम्ही पाहिलं ते एकच जेवण. मूल तापातून उठलं असेल, प्रवासातून थेट आलं असेल, जेवण यायला पाऊण तास लागला असेल. मोबाइलची सवय आहे की त्या दिवसापुरती सोय, हे शेजारच्या टेबलावरून कळणं शक्यच नाही. ते आईबापांनाच ओळखता येतं: घरी, रोजच्या जेवणातही मोबाइलशिवाय घास जात नसेल तर सवय लागली आहे.

ती मोडायची तर दिवसातलं एकच जेवण निवडा, मुलाला सर्वांत जास्त भूक लागते ते. बऱ्याच मुलांचं हे संध्याकाळी खेळून आल्यावरचं खाणं असतं. त्या वेळी घरातल्या कुणाच्याच हातात फोन नको. वीस ते तीस मिनिटं सोबत बसा, मुलाच्या हातातही एक घास द्या, वेळ संपली की ताट उचला. पहिले काही दिवस मूल कमी खाईल. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि अर्ध्या तासात दूध-बिस्किट दिलं जातं. मग भूक लागतच नाही आणि पुढच्या जेवणाला पुन्हा मोबाइल लागतो. मध्ये दोन-अडीच तास फक्त पाणी द्या. एक जेवण बसलं की दुसरं घ्या.

हॉटेलात गेल्या गेल्या मुलासाठी साधी इडली किंवा दहीभात आधी मागवा, मोठ्यांचं नंतर सांगा. जेवण येईपर्यंत एकानं मुलाला बाहेर फिरवून आणावं. खुर्चीत अडकवून ठेवलेलं भुकेलं मूल शांत बसत नाही, तेव्हाच हात मोबाइलकडे जातो.

मुलगी वीस महिन्यांची आहे. लग्नात तिनं पुरीचे दोन तुकडे आणि पापड एवढंच खाल्लं. सासरच्या नातेवाईक बायका म्हणाल्या, "पोर किती वाळलंय, काही घालतेस की नाही?" तेव्हापासून मी तिच्यामागे वाटी घेऊन धावते. (सांगली)

आधी ते धावणं थांबवा. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्मवजनाच्या साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षभरात मात्र ते दोन ते अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग इतका उतरतो, तशी भूकही उतरते. नेमकं याच वयात मूल चालायला लागतं, अंग लांबट होतं, बाळसं झडतं, आणि बघणाऱ्याला पोर वाळल्यासारखं वाटतं.

या वयाला दिवसातून तीन ते चार जेवणं आणि भूक असेल तर एक-दोन वेळा मधलं खाणं पुरतं. एका जेवणाचं माप जागतिक आरोग्य संघटनेनं अडीचशे मिलीच्या वाटीची पाऊण ते पूर्ण वाटी असं दिलं आहे. घरातली आमटीची वाटी बहुधा याहून बरीच लहान असते, ती एकदा पाण्यानं मोजून घ्या. रोजच्या प्रत्येक जेवणाला एवढं जाईलच असं नाही. एका दिवसाचं मोजू नका, आठवडाभराचं बघा.

लग्नातलं जेवण तर मोजूच नका. पंगत बसते दीड-दोन वाजता, मुलांच्या झोपेच्या वेळेला. मसालेभात तिखट, कार्यालयात आवाज, भोवती अनोळखी चेहरे. अकराच्या सुमारास डब्यातलं काहीतरी पोटभर भरवा. पंगतीत मिळालं तर साधा भात, वरण, तूप द्या, ते नाही खाल्लं तरी चालेल. नातेवाइकांच्या देखत जबरदस्तीनं कोंबलेला घास हमखास उलटून पडतो, आणि पुढे मूल वाटी दिसली तरी मान फिरवतं.

मुलीचं खाणं पुरतंय की नाही हे वजनाच्या आलेखावरून कळतं. दर महिन्याला अंगणवाडीत किंवा डॉक्टरांकडे वजन करा आणि माता-बाल संरक्षण कार्डावर बिंदू भरून घ्या. बिंदू वर सरकत असतील तर काळजी नको. लागोपाठ दोन-तीन महिने वजन तिथेच राहिलं, कमी झालं, मूल मलूल दिसलं, किंवा घट्ट घास गेला की दर वेळी ठसका लागून उलटी होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक गोष्ट त्या नातेवाइकांनाही सांगण्यासारखी आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिने ते पाच वर्षांची 67 टक्के मुलं रक्तक्षय असलेली आढळली. गुबगुबीत मूलही त्यात असू शकतं. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त गाईम्हशीचं दूध पिणाऱ्या मुलाचं पोट दुधानंच भरतं, डाळ-भाजी-अंडं मागे पडतं आणि लोह कमी पडतं. जेवणासोबत दिलेला चहा उरलेलं लोहही शोषू देत नाही. तेव्हा गाल बघून कुणाच्या आईला शाबासकी देऊ नये आणि बोलही लावू नये.

पुन्हा विचारलं तर "वजन नीट वाढतंय काकू, दर महिन्याला बघतो" एवढं पुरे.

मुंबईहून सावंतवाडीला रेल्वेनं जाताना दोन वर्षांच्या मुलाला बिस्किटं आणि वेफर्स दिले. समोरच्या बाई म्हणाल्या, "घरचं करून आणायचं ना." खरंच लाज वाटली. पुढच्या वेळी काय न्यावं? (ठाणे)

लाज वाटण्यासारखं काही झालेलं नाही. प्रवासात घरचं ते चांगलंच, असं नसतं. सकाळी सहाला डब्यात भरलेला वरणभात दुपारी एकला भरवणं हे बंद पाकिटातल्या बिस्किटापेक्षा धोक्याचं आहे. शिजवलेलं ओलं अन्न पाच ते साठ अंश तापमानात राहिलं की त्यात जंतू झपाट्यानं वाढतात. ते दोन तासांत संपवावं, हवा बत्तीस अंशांच्या वर असेल तर तासाभरात. भाताची जास्त काळजी घ्यावी लागते, कारण त्यातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात पुन्हा वाढतात. असा भात वासाला चांगला असतो, तरी उलट्या होतात.

म्हणून डबा ओल्याकडून कोरड्याकडे लावा. पहिल्या दोन तासांसाठी इडली, मऊ उपमा किंवा उकडलेलं अंडं. त्यानंतर दशमी. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवलेली, थोडा गूळ घातलेली दशमी मऊ राहते आणि दिवसभराच्या प्रवासाला टिकते. मात्र दोन्ही बाजूंनी नीट भाजा आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात ठेवा. गरम ठेवली तर वाफेचं पाणी सुटून ती चिकट होते आणि लवकर आंबते. कमी तिखटाचे धपाटे चालतात, पण त्यात कांदा किंवा काकडी घालू नका, ओलाव्यानं ते लवकर खराब होतात. केळं आणि चिकू सालासकट न्या आणि ऐन वेळी सोला. चिकूची बी आठवणीनं काढा.

गरम काहीतरी हवं असेल तर पातळ पोहे मंद आचेवर कुरकुरीत भाजून त्यांची भरड पूड करा, चवीला जिरेपूड आणि किंचित मीठ घाला. चार चमचे पूड, त्यावर थर्मासमधलं उकळतं पाणी साधारण अर्धी वाटी, पाच मिनिटं झाकण. पोहे मुळात भिजवून भाजलेल्या साळीपासूनच होतात, म्हणून एवढ्यानं मऊ होतात. सातूचं पीठही चालतं, ते भाजलेल्या धान्याचं असतं. नाचणीसत्त्व मात्र असं करू नका. ते विस्तवावर शिजवावं लागतं, थर्मासच्या पाण्यात कच्चंच राहतं आणि पोट बिघडतं. घरून उकळून नेलेलं दूध उन्हाळ्यात फार काळ टिकत नाही. त्यापेक्षा दोनशे मिलीचा टेट्रापॅक न्या, फोडला की लगेच संपवा.

बसनं घाटातून जाणार असाल तर घाट लागण्याआधी बाटलीभर दूध पाजू नका. अर्धा तास आधी दशमीचे दोन-तीन कोरडे घास पुरे.

बिस्किटांबद्दल बोलायचं तर बऱ्याच गोड बिस्किटांत शंभर ग्रॅममागे वीस ग्रॅमहून जास्त साखर असते. ती रोजची होऊ नयेत. प्रवासाच्या दिवशी चार बिस्किटं खाल्ल्यानं काही बिघडत नाही. वेफर्स मात्र या वयाला देऊ नका. मिठाचा प्रश्न आहेच, पण त्याचे कडक तुकडे धावत्या गाडीत घशात टोचतात, अडकतात.

बावीस महिन्यांच्या मुलाला बसस्टँडवर अंगावर पाजत होते. एका बाईंनी "एवढा मोठा झाला, अजून पाजतेस?" असं सगळ्यांसमोर विचारलं. (जालना)

दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही, आईला आणि मुलाला हवं तोवर पाजावं, असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. सोबत घरचं जेवण हवं, एवढीच अट. प्रवासात याचा मोठा फायदा आहे: दूध ताजं, उकळायची गरज नाही, आणि घाबरलेलं मूल लगेच शांत होतं. एसटीच्या अनेक स्थानकांत हिरकणी कक्ष आहेत. आडोसा हवा असेल तर चौकशी खिडकीवर विचारा. कक्ष आहे म्हणून तिथेच जाऊन पाजलं पाहिजे, असा नियम नाही.

बागेत माझ्या मुलाला खाऊ देते तेव्हा इतर मुलंही हात पुढे करतात. त्यांना द्यावा का? (नागपूर)

मुलाच्या आईला किंवा आजीला आधी विचारा, मगच द्या. शेंगदाणा, दूध, अंडं, गहू यांची अॅलर्जी असलेली मुलं असतात, आणि ती बघून ओळखू येत नाहीत. त्या "नको" म्हणाल्या तर कारण विचारू नका.

दीड वर्षाच्या मुलाला त्याचे आजोबा बाकावर बसून फुटाणे भरवत होते. मी गप्प राहिले. बोलायला हवं होतं का? (नाशिक)

हो, इथे बोलायलाच हवं होतं. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे फुटाणे, शेंगदाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या आणि अख्खी द्राक्षं देऊ नयेत. मुलाच्या दाढा पुरत्या आलेल्या नसतात आणि श्वासनलिका बारीक असते. हसताना, पळताना दाणा सरळ तिकडे जातो. नाशिककडे द्राक्षं घरोघरी असतात, म्हणून मुद्दाम सांगते: द्राक्ष उभं चिरून चार फोडी करा. आडवं चिरलं तर गोल चकती तशीच अडकते. शेंगदाण्याचं कूट भाजीत घालून द्यावं.

आजोबांना म्हणा, "काका, फुटाणा घशात अडकतो हो या वयात, केळं आहे माझ्याकडे, देऊ का?" दोष न देता, हातात दुसरं काही ठेवून.

अडकलंच तर काय करायचं, हे प्रत्येकाला यायला हवं. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, पाठीवर मारू नका. खोकला बंद झाला, आवाज निघेना, ओठ निळसर दिसू लागले, तर लगेच पुढे वाकवा आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाजवळच्या भागानं पाच जोरदार थापा द्या. निघालं नाही तर मुलाच्या मागे बसा, बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली मूठ ठेवा, दुसऱ्या हातानं ती धरून आत-वर असे पाच दाब द्या. निघेपर्यंत पाच थापा, पाच दाब आलटून पालटून. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर पोट दाबायचं नाही. हातावर पालथं, डोकं खाली करून पाच थापा, मग उताणं करून छातीच्या हाडावर मधोमध पाच दाब. त्याच वेळी दुसऱ्या कुणाला 108 ला फोन करायला सांगा. मूल बेशुद्ध पडलं तर कडक जागेवर झोपवून छाती दाबणं आणि तोंडानं श्वास देणं सुरू करा.

पाय धरून उलटं टांगणं, टाळूवर फुंकर घालणं, पाणी पाजणं, केळं भरवून दाणा खाली ढकलायला बघणं, यातलं काही करू नका. दिसत नसलेला तुकडा बोटानं चाचपून काढायला गेलं तर तो आणखी खाली जातो.

ठसका थांबून मूल खेळायला लागलं तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवा. दाण्याचा तुकडा फुप्फुसाच्या एका फांदीत जाऊन बसलेला असू शकतो. तो तिथे ओल धरून फुगतो आणि काही दिवसांनी न थांबणारा खोकला, ताप, एका बाजूची घरघर सुरू होते. तेव्हा साध्या खोकल्याचं औषध देत बसू नका. फुटाण्याचा प्रसंग डॉक्टरांना आठवणीनं सांगा, कारण एक्सरेत फुटाणा दिसत नाही.