म्हातारा पेशंट इस्पितळात फक्त पेज घेतो, सलाईनवर भागेल का?

तुम्ही विचारलंय: वडील ७८ वर्षांचे, न्यूमोनियासाठी इस्पितळात दाखल, चार महिन्यांत वजन ५२ वरून ४६ किलोवर आलंय, पेजेशिवाय कशाला तोंड लावत नाहीत. सलाईन चालू आहे, तेवढं पुरेल का?

नाही पुरणार. सलाईन पाण्यासाठी असतं, पोटासाठी नाही. साध्या सलाईनमध्ये कॅलरी शून्य. ५ टक्के ग्लुकोजची अर्ध्या लिटरची बाटली असली तरी शंभरच्या आतच, म्हणजे जेमतेम एक लहान चपाती.

आता पेज. गोव्यात आजारी माणूस आणि पेज यांची ताटातूट करायची माझी हिंमत नाही. मी आहारतज्ज्ञ, पण माझे स्वतःचे वडील ताप आल्यावर "म्हाका पेज जाय" म्हणाले आणि मी आठ दिवस निमूट पेज देत राहिले. नवव्या दिवशी त्यांना खाटेवरून उठायला माझ्या हाताचा आधार लागला. तेव्हा हिशेब मांडला, जो दुसऱ्यांच्या घरच्यांना मी रोज मांडून दाखवायचे. वाटीभर पातळ पेजेत तांदूळ फार तर तीस ग्रॅम, म्हणजे शंभरेक कॅलरी आणि दोन-अडीच ग्रॅम प्रथिनं. तुमच्या वडिलांना ४६ किलोला दिवसाला साधारण १४०० कॅलरी आणि ५५ ते ७० ग्रॅम प्रथिनं लागतील. पाच वाट्या पेज प्यायले तरी गाडी कुठे अडते ते दिसतंय ना?

म्हणून पेज सोडू नका, ती जड करा. तांदूळ जास्त, पाणी कमी, शिजताना मूठभर मुगाची डाळ, वरून चमचाभर तूप किंवा खोबऱ्याचं दूध. दोन उकडलेली अंडी कुस्करून घातली की बारा ग्रॅम प्रथिनं वाढली. मासे खात असतील तर लेपो किंवा मोडसो उकडून, काटे काढून. नाचणीची तिजाण (गोव्याकडची लापशी) दुधात करा आणि त्यात दुधाची पावडर ढवळा. लोणचं आणि खारं मात्र जपून, बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर नकोच. एका वेळी वाटीभर जात नसेल तर अर्धी वाटी, पण दिवसातून सहा वेळा.

डॉक्टरांनी पूरक आहाराची पावडर किंवा बाटली लिहून दिली तर ती दोन जेवणांच्या मध्ये द्या. जेवणाच्या जागी नाही. इथेच बहुतेक घरं चुकतात. वृद्धांसाठी त्यातून दिवसाला निदान ४०० कॅलरी आणि ३० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, आणि घरी गेल्यावरही महिनाभर तरी चालू ठेवायची. हे लाड नव्हेत. २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या आठ इस्पितळांचा अभ्यास आला, दोन हजारांवर पेशंट. ज्यांचा आहार दाखल झाल्या झाल्या माणूस बघून ठरवला, त्यांच्यात महिन्याभरातले मृत्यू ७ टक्के. नेहमीचं जेवण मिळालेल्यांत १० टक्के.

दोन गोष्टी डॉक्टरांना आजच विचारा. पहिली, गिळणं. पाणी किंवा पेजेचं निवळ पिताना ठसका लागतो का, आवाज ओला, म्हणजे घशात पाणी असल्यासारखा, येतो का? तसं असेल तर पातळ पदार्थ फुप्फुसात उतरत असू शकतात आणि न्यूमोनियाचं मूळ तिथेच असेल. तपासणी होईपर्यंत आग्रह नको. भरवताना नेहमी ताठ बसवा, कवळी तोंडात हवी (ती डब्यात राहते आणि सगळे म्हणतात, "खातच नाहीत हो").

दुसरी, किती दिवस जवळजवळ उपाशी आहेत? पाचहून जास्त असतील तर एकदम भरपूर देऊ नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपकन उतरतं आणि हृदयावर बेततं. अशा वेळी आधी बी-१ जीवनसत्त्व देतात, रक्त तपासतात आणि आहार हळूहळू वाढवतात. मूत्रपिंड अधू असेल तर प्रथिनांचा आकडाही डॉक्टरच ठरवतील.

मधुमेह असला तर "गोड बंद, तेल बंद, भात बंद" अशी यादी घरचेच करतात. एवढं वजन उतरलेल्या माणसाला ती परवडत नाही. साखर औषधाने सांभाळायला सांगा.

आणि वॉर्डात तपासणीसाठी उपाशी ठेवलं तर परत आल्यावर ताट गेलेलं असतं. तेव्हा डबा तुमच्याकडे हवा. सिस्टरना सांगून ठेवा, त्या अडवत नाहीत.