मागचे दिवे वाचताना

प्रिय मित्रा,

मृग लागायच्या आत हे पत्र तुझ्या हाती पडायला हवं, म्हणून आजच लिहितो. टेप लायब्ररीवर, म्हणजे बॅकअपच्या टेपा ठेवून त्या आपोआप ड्राइव्हमध्ये (टेप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यंत्रात) घालणाऱ्या कपाटावर, केशरी दिवा लागला की पहिला हात केबलकडे जातो, तो आवर. आधी रॅकच्या मागे जा आणि मोबाइलवर वीसेक सेकंदांचा व्हिडिओ घे. फोटो पुरत नाही, कारण फोटोत लुकलुकणारा दिवा आणि स्थिर दिवा सारखेच दिसतात. केबल ओढलीस की दिव्यांची स्थिती बदलते आणि पुरावा जातो. मग लायब्ररीच्या वेब पेजवरून लॉग, म्हणजे तिने केलेल्या नोंदी, उतरवून ठेव.

वाचायला वीजपुरवठ्यापासून सुरुवात कर. पॉवर सप्लाय दोन असतील तर प्रत्येकाचा हिरवा दिवा वेगळा असतो. एक विझला तरी लायब्ररी चालतच राहते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही प्लग एकाच यूपीएसवर असतील तर दुसऱ्या सप्लायचा उपयोग निम्माच.

नंतर कंट्रोलर, म्हणजे लायब्ररी चालवणारा मेंदू. पुष्कळ मॉड्युलर लायब्ररींत त्याचा हिरवा दिवा सेकंदाला एकदा लुकलुकतो, तोच त्याचा ठोका. रंग आणि ताल मॉडेलनुसार बदलतात, तेव्हा पुस्तिकेतलं ते पान छापून रॅकच्या दारावर चिकटव. निळा दिवा सहसा बिघाडाचा नसतो. रॅकमागे उभ्या माणसाला नेमकं यंत्र सापडावं म्हणून तो बहुधा मुद्दाम लावलेला असतो.

इथरनेट पोर्टचा दिवा विझलेला असेल तर तीच केबल चालू स्विचमध्ये आणि लॅपटॉपमध्ये लावून बघ. केबल चांगली निघाली तर पोर्टवर संशय घे. आपल्याकडे वळवाच्या विजा कडाडल्या की एका इमारतीतून दुसरीत गेलेली तांब्याची केबल पोर्ट जाळते. त्यात जांभ्याच्या कातळावर चांगलं अर्थिंग मिळणं कठीण. दोन इमारतींमध्ये फायबरच टाक, यावर तडजोड करू नकोस.

फायबर चॅनेल, म्हणजे ड्राइव्हला स्विचमार्गे सर्व्हरशी जोडणारी उजेडाची लाइन; तिच्या पोर्टला सगळ्यात जास्त वेळ दे. तिथल्या एलसी जातीच्या छोट्या कनेक्टरचं पांढरं टोक १.२५ मिलिमीटर जाड, आणि त्यातला मल्टिमोड फायबरचा उजेड वाहणारा गाभा ५० मायक्रॉनचा. खाऱ्या वाऱ्याचा एक कण किंवा बोटाचा तेलकट ठसा तिथे बसला तरी लिंक अधूनमधून तुटते. दिवा हिरवा दिसतो, पण बॅकअप मध्यरात्री बंद पडतो. टोक पेन-क्लीनरने कोरडंच पूस, तोंडाने फुंकू नकोस, पोर्टमध्ये डोळा लावून बघू नकोस. रिकाम्या पोर्टला टोपी हवीच. टोपी हरवली की पावसाळाभर तिथे ओल आणि मीठ जमतं.

दिवा अजिबात लागत नसेल तर दोन गोष्टी तपास. क्लिप निसटून कनेक्टरची दोन टोकं (एक उजेड पाठवणारं, एक घेणारं) उलटसुलट झाली आहेत का? आणि समोरच्या स्विचचा वेग काय? एलटीओ या टेप-प्रकाराच्या सहाव्या ते नवव्या पिढीच्या (एलटीओ-६ ते एलटीओ-९) फायबर चॅनेल ड्राइव्ह सहसा ८ गिगाबिटच्या असतात. स्विचमधलं ३२ गिगाबिटचं मॉड्यूल ८ पर्यंत उतरतं, ६४ चं मात्र १६ वरच थांबतं. नवा स्विच आला की जुनी ड्राइव्ह दिसेनाशी होते, त्याचं कारण बहुधा हेच. सॅस (फायबरऐवजी तांब्याच्या केबलने जोडायची) ड्राइव्ह असेल तर ती साध्या एचबीएला, म्हणजे सर्व्हरमधल्या जोडणीच्या कार्डाला, जोड. अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या रेड (RAID) कार्डावर टेप बहुधा चालत नाही.

ड्राइव्हवर ‘सी’ अक्षर किंवा सफाईचा दिवा आला तर क्लीनिंग कार्ट्रिज एकदा फिरव. ती साधारण ५० वेळा चालते. दोन दिवसांत ‘सी’ परत आला तर पुन्हा फिरवायच्या आधी ड्राइव्हमध्ये कोणती टेप होती तिचा बारकोड पाहा. त्याच एका टेपनंतर येत असेल तर टेप बाजूला काढ, कारण सफाईची टेप हेड घासते आणि उगाच घासणं हेडला महागात पडतं.

बाहेरच्या ओलसर हवेत थंडगार कार्ट्रिज नेली की तिच्यावर दव धरतं, ग्लासावर धरतं तसंच. ऑफसाइटहून, म्हणजे बाहेरच्या साठवणीच्या जागेहून, आलेल्या टेपा थेट लोड करू नकोस, सर्व्हर रूममध्ये २४ तास राहू दे. एसी रात्री बंद करण्याची सवय असेल तर ती आधी मोड.

एलटीओ-९ ची कोरी टेप पहिल्यांदा लोड केली की ड्राइव्ह तिची मोजणी (कॅलिब्रेशन) करते. त्याला दोन तासही लागू शकतात. तोवर दिवा लुकलुकत राहील. लुकलुकू दे, पॉवर बंद करू नकोस.

तुझा,
एक जुना सहकारी