साखर ओळखणारा कुत्रा: सुरुवात डबीपासून

मधुमेहात रक्तातली साखर उतरली की वासावरून ओळखून इशारा देणारा कुत्रा तुम्हाला पिल्लापासून तयार करायचाय. तुमचं पिल्लू हुशार दिसतंय, पण घाई करू नका. आधी नमुने जमवा. तुमची साखर ७० mg/dL च्या खाली गेली की लगेच कापूस स्वतःच्या तोंडात फिरवून लाळ टिपायची, हवाबंद डबीत घालून तारीख-आकडा लिहायचा आणि फ्रीझरमध्ये ठेवायचं. अर्थात साखर फारच उतरली असेल तर आधी ग्लुकोज घ्या, नमुना गेला खड्ड्यात!

नवखे हमखास इथे चुकतात:
- गोड खाल्ल्यावर लाळ घेतात. मग कुत्रा ग्लुकोजच्या गोळीचा वास शिकतो.
- साखर नॉर्मल असतानाचे नमुने तुलनेसाठी ठेवतच नाहीत. माझी कुत्री महिनाभर निव्वळ कापूस ओळखत होती, मी मात्र खूश!
- डबी उघड्या हाताने धरतात. चिमटा वापरा.

इशारा एकच ठरवा, गुडघ्याला नाक लावणं पुरे. वास बरोबर ओळखला की त्याच क्षणी खाऊ. पाच मिनिटांत थांबा, कंटाळा येऊ देऊ नका.

जास्त साखरेचा वास, रात्री उठवणं हे सगळं नंतर. आणि कुत्र्याने इशारा दिला तरी, न दिला तरी, ग्लुकोमीटर सोडायचा नाही.