शेजारच्या विभागात डोकाव

पीएचडीला लागलास ना? मग पहिले सहा महिने फक्त आपल्याच प्रयोगशाळेत डोकं खुपसून बसू नकोस. आठवड्यातून एक तरी सेमिनार दुसऱ्या विभागाचा ऐक. निम्मं डोक्यावरून जाईल, जाऊ दे. शेवटच्या रांगेत बस आणि न कळलेले तीन शब्द वहीत टिपून घे. मी तेवढंच करायचो.

हे का सांगतोय? एनएमआरचंच बघ, म्हणजे चुंबकात ठेवलेली अणुकेंद्रकं ठरावीक रेडिओलहरींना प्रतिसाद देतात ते. 1946 मध्ये ब्लॉख आणि पर्सेल यांनी अणुकेंद्रकांचा हा चुंबकीय अनुनाद पकडला, ते निव्वळ भौतिकशास्त्र होतं. 1952 चं नोबेलही त्यातलंच. पुढे रसायनवाल्यांनी त्यावरून रेणूंची रचना ओळखायला सुरुवात केली, आणि 1991 मध्ये अर्न्स्ट यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच तत्त्वावर शरीराच्या आतलं चित्र काढणाऱ्या एमआरआयसाठी 2003 मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल कुणाला? लॉटरबर हे रसायनशास्त्रज्ञ आणि मॅन्सफिल्ड हे भौतिकशास्त्रज्ञ. डॉक्टर एकही नाही!

म्हणून विद्यापीठातली सामायिक उपकरणं कुठे आहेत ते आधी शोध. तिथल्या तंत्रज्ञांशी ओळख ठेव, कोणता नमुना चालेल नि कोणता फुकट जाईल हे त्यांना गाइडपेक्षा जास्त ठाऊक असतं. आणि हो, एनएमआरच्या खोलीत जाताना पाकीट बाहेर ठेव. माझं एटीएम कार्ड तिथल्या जबरदस्त चुंबकानेच निकामी झालं.

एक पथ्य मात्र पाळ. दुसऱ्याच्या विषयात मदत मागायला जाताना नमुना नको, आधी प्रश्न घेऊन जा. आणि पेपरवर कुणाचं नाव कुठे येणार, हे काम सुरू करण्याआधीच बोलून घे.