उन्हाळ्यात रेड वाइन फ्रिजमध्ये ठेवून प्यायली तर बिघडतं का? कुठली घ्यावी?

काही बिघडत नाही. उलट काही रेड वाइन गारच छान लागतात. पण सगळ्या नाही, आणि माझी पहिली फजिती नेमकी तिथेच झाली.

ऐन उकाड्यात घरात होती ती काबर्ने सोव्हिन्यों घाईघाईने फ्रीझरमध्ये कोंबली आणि फोनवर बोलत बसले. तीन-साडेतीन तासांनी आठवण झाली, तोवर बूच बोटभर वर आलं होतं आणि बाटलीत बर्फाचा चुरा. बारा-तेरा टक्के अल्कोहोलची वाइन उणे पाच-सहा अंशांच्या आसपास गोठायला लागते आणि घरचा फ्रीझर असतो उणे १८ अंशांवर, हे तेव्हा कुठे माहीत होतं! वितळल्यावर ग्लासात ओतली, तर पहिल्याच घोटाला हिरड्या आवळल्या. कडक कोरा चहा कपात विसरून गार झाला की कसा लागतो, तशी.

हा उद्योग टॅनिनचा. द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि ओकच्या पिंपातून वाइनमध्ये उतरतो तो तुरटपणा. वाइन गार केली की फळाचा वास दबतो आणि तुरटपणा बोचायला लागतो. म्हणून काबर्ने, बारोलो असल्या दणकट वाइनच्या वाटेला बर्फ घेऊन जाऊ नका. जिच्यात टॅनिन मुळातच कमी आणि आंबटसरपणा चांगला, तिला गारवा मानवतो. दुकानात ओळखायची माझी खूण सोपी आहे: लेबलवर अल्कोहोल साडेबारा टक्के किंवा त्याहून कमी, आणि ओकचं कौतुक कुठेही नाही.

एकच नाव सांगायचं तर बोजोले. फ्रान्समध्ये बर्गंडीच्या दक्षिणेला हा भाग आहे आणि द्राक्ष आहे गामे. बर्गंडीच्या ड्यूक फिलिपने १३९५ साली फर्मान काढून या द्राक्षाला आपल्या मुलखातून हद्दपार केलं होतं, फार वाईट आणि बेइमान वाण म्हणून! उकाड्यात गार बोजोले पिताना मला दर वेळी त्या ड्यूकची कीव येते. तिथे पुष्कळदा घड न चुरडता, अख्खेच्या अख्खे, कार्बन डायऑक्साइड भरलेल्या टाकीत ठेवतात. मग यीस्टची वाट न पाहता दाण्याच्या आतच साखरेचं थोडं अल्कोहोल व्हायला लागतं. सालीतलं टॅनिन फारसं उतरत नाही आणि स्ट्रॉबेरीचा, कधी कधी चक्क पिकल्या केळ्याचा वास येतो. लेबलवर फ्लरी किंवा शिरूब्ल ही बोजोलेतल्या गावांची नावं दिसली तर बिनधास्त गार करा. बोजोलेतल्याच मोर्गों, मुलँ-आ-व्हाँ अंगाने भरलेल्या असतात, त्यांना जरा कमी.

बोजोले मिळाली नाही तर सिसिलीची फ्रापातो, उत्तर इटलीतल्या आल्तो आदिजेची स्कियाव्हा किंवा ऑस्ट्रियाची त्स्वायगेल्ट बघा. हलकी पिनो न्वारही चालते.

आता 'रेड वाइन रूम टेंपरेचरलाच प्यायची' या नियमाबद्दल. ज्या खोल्यांवरून तो पडला त्या युरोपातल्या जुन्या दगडी घरांतल्या, फार तर १६ ते १८ अंशांच्या. तुमची खोली ३० अंशांवर असेल तर त्या वाइनमधलं अल्कोहोल आधी नाकाला झोंबणार आणि चव ढिली पडणार. हलक्या रेडला १२ ते १४ अंश पुरतात. म्हणजे बाटली हाताला गार लागावी, पण बिअरसारखी गारठलेली नको.

'फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवा' हा सल्ला जिथे तिथे वाचायला मिळतो. तो २० अंशांच्या खोलीतल्या बाटलीसाठी आहे. तीस अंशांवरच्या बाटलीला दीड-दोन तास लागतात. पाहुणे दारात उभे असतील तर बादलीत बर्फ घाला आणि त्यात पाणी ओता. नुसत्या बर्फात फटी राहतात, पाणी मात्र बाटलीला चहूबाजूंनी चिकटतं, आणि पंधरा मिनिटांत काम होतं. रात्रभर फ्रिजमध्ये राहिली असेल तर आधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढून ठेवा. ग्लास दांडीला धरा आणि थोडी थोडीच ओता, कारण उकाड्यात ग्लासातली वाइन बघता बघता कोमट होते. ग्लासात बर्फ टाकू का, असं पुढे विचाराल म्हणून सांगते: तुमची वाइन, तुमचा ग्लास, पण अर्धा बर्फ वितळल्यावर हातात राहतं ते लालसर पाणी.

उरलेल्या बाटलीला बूच लावून फ्रिजमध्येच ठेवा. दोन-तीन दिवस ती ठीक राहते. त्यानंतर वास घेऊन बघा, आंबूस वाटली तर स्वयंपाकात वापरून टाका.