इतर जोडपी पाहिली की आपलंच नातं फसलंय असं वाटतं. ही तुलना थांबवायची कशी?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याशी त्याच त्या विषयांवर खटके उडतात, मग अबोला होतो, आणि एखाद्या मैत्रिणीचं छान चाललेलं पाहून घरी आलात की त्याचा राग दुप्पट येतो.

तुलना थांबवण्याच्या मागे लागू नका, ती थांबत नाही. ज्या गोष्टी मोजायला पट्टी नसते, त्यात माणूस स्वतःला दुसऱ्यांशी ताडून पाहतो, हे लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं. संसार मोजायला कुठे पट्टी आहे? पण तुम्ही नेमकं कशाशी ताडून पाहताय, ते तपासा.

आमच्या ओळखीत आम्हा दोघांकडे बोट दाखवून 'असं असावं' म्हणतात. आम्ही वेगळं व्हायचं का, याचा विचार करत होतो, त्याच दिवसांत एका नातेवाईक मुलीने मला विचारलं होतं, "तुमची भांडणं कशी होत नाहीत हो?" होत नव्हती, कारण आम्ही कामापुरतंच बोलत होतो. तिला शांतता दिसली. ती घरी जाऊन स्वतःच्या नवऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहत असेल, या विचाराने मला आजही वाईट वाटतं. पुढे समुपदेशकाच्या मदतीने आमची गाडी रुळावर आली, पण त्याआधी आणि नंतर, बाहेरून आम्ही अगदी सारखेच दिसत होतो.

दुसरं, नात्यांचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ कॅरिल रसबल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांत असं आढळलं की ज्यांची नात्याशी बांधिलकी घट्ट असते, त्यांना आपलं नातं इतरांपेक्षा सरस वाटतं. म्हणजे आधी मन नात्यातून उठायला लागतं आणि मग सगळी जोडपी सुखी दिसू लागतात, असंही होऊ शकतं. म्हणून मैत्रिणीच्या घरी नक्की काय पाहून टोचलं, ते आठवा. ती बोलायला लागली तेव्हा तिच्या नवऱ्याने फोन खाली ठेवला, एवढंच असेल कदाचित. मग तेवढंच मागा: "मी बोलत असताना फोन बाजूला ठेवशील का?" "त्यांचं बघ जरा" असं म्हणालात तर नवऱ्याला तुमची गरज ऐकूच येणार नाही. आपण दुसऱ्या पुरुषापुढे कमी पडलो, एवढंच ऐकू येईल, आणि तो स्वतःचा बचाव करत बसेल.

तेच तेच भांडण होतं याची मात्र फार धास्ती घेऊ नका. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अनेक वर्षं जोडप्यांच्या संवादांचा अभ्यास केला. त्यांच्या मते जोडप्यांमधले सुमारे ६९ टक्के वाद कायमचे असतात, कारण ते स्वभावातल्या फरकांतून येतात. सुखी जोडप्यांतही ते सुटत नाहीत, पण त्यावर बोलताना मायेचा सूर टिकून राहतो. वादातही एका कडवट गोष्टीमागे साधारण पाच चांगल्या गोष्टी असतात: एखादं हसू, 'बरोबर आहे तुझं' असा शब्द. गॉटमन सर्वात घातक मानतात तो तिरस्कार: टोमणे, नक्कल, समोरच्याला तुच्छ लेखणं. तुमच्याकडे तो आहे का? मैत्रिणीकडे काय आहे, यापेक्षा हे तपासणं जास्त गरजेचं आहे.

आणि खरं सांगू, मला भीती उलट्या तुलनेची वाटते. 'तिचा नवरा हात उचलतो, माझा निदान तसा नाही' असं म्हणत बायका (आणि पुरुषही) वर्षानुवर्षं अपमान गिळतात. दुसऱ्याचं दुःख मोठं आहे म्हणून तुमचं सोसण्याजोगं ठरत नाही. नवऱ्याची भीती वाटत असेल, तो पैसे अडवत असेल किंवा तुम्हाला तुमच्या माणसांपासून तोडत असेल, तर आधी विश्वासातल्या कुणाला तरी सांगा आणि सुरक्षिततेचं पाहा. अशा वेळी जोडीने समुपदेशनाला बसणं योग्य नाही, कारण त्याच्यासमोर तुम्ही मोकळेपणाने बोलू शकणार नाही.

तसं काही नसेल, नुसता दुरावा असेल, तर समुपदेशकाकडे दोघांनी जाणं उत्तम. तो यायला तयार नसेल तर तुम्ही एकट्या जा. त्याच्या होकाराची वाट पाहण्यात आणखी वर्षं घालवू नका.