विचारी माणसे संस्थेत गेल्यावर वेगळी का वागू लागतात?

आपण विचारले आहे की, एरवी विचारी आणि प्रामाणिक असणारी माणसे गटात किंवा संस्थेत गेली की वेगळी का वागतात, त्यांचा स्वभाव खरोखर बदलतो का, आणि नव्या नोकरीत रुजू होताना यापासून स्वतःला वाचवता येते का. पहिल्या दोन भागांवर मी बोलू शकतो. तिसऱ्यावर बोलण्याचा मला फारसा अधिकार नाही, कारण मला ते जमले नव्हते.

स्वभाव बदलत नाही, असे माझे ठाम मत आहे. इतरांच्या मनात काय चालले आहे याचा अंदाज आपण बांधतो, त्या अंदाजानुसार तोंड उघडायचे की नाही ते ठरवतो, आणि तो अंदाज पुष्कळदा साफ चुकलेला असतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी मी ज्या संस्थेत काम करत होतो तेथील भांडारात काही मोजमापाची उपकरणे कमी भरली आणि पाच जणांची चौकशी समिती नेमण्यात आली. तिचा मी सदस्य होतो. संशय भांडारपालावर होता. त्याला त्या जागेवर येऊन वर्षही झाले नव्हते, आणि वरिष्ठांसमोर बोलताना तो अडखळत असे, ज्याचा अर्थ आमच्यापैकी बहुतेकांनी परस्पर लावून टाकला होता. पहिल्या बैठकीनंतर मी साठा नोंदवही मागवून घेतली आणि दोन संध्याकाळी बसून ती पानोपान वाचली. उपकरणे ज्या चिठ्ठीवर दुसऱ्या विभागाला दिली गेली होती ती चिठ्ठी त्याने कार्यभार स्वीकारण्यापूर्वीची होती, उपकरणे परत आल्याची नोंद कोठेही नव्हती, आणि कार्यभार हस्तांतराच्या यादीवर प्रत्यक्ष मोजणी न करताच दोघांच्या सह्या झालेल्या होत्या. म्हणजे तूट त्याच्या आधीपासूनची होती. न मोजता सही केली ही त्याची चूक खरीच, परंतु ती तेथे सगळेच करत असत. मोजणीचा आग्रह धरणारा माणूस आधीच्या माणसावर अविश्वास दाखवतो, असा तेथील अलिखित समज होता. त्या पानात मी कागदाची खूण घालून ठेवली.

दुसऱ्या बैठकीत अध्यक्षांनी सुरुवातीलाच सांगितले की, त्यांच्या मते प्रकरण स्पष्ट आहे, तरीही प्रत्येकाने आपले मत मोकळेपणाने मांडावे. (या ‘तरीही’ने आजवर कोणाचे तोंड उघडल्याचे मी पाहिलेले नाही.) त्यांच्या शेजारचे सदस्य सहमत झाले. त्यांच्यानंतरच्या बाई सहमत झाल्या. माझी खुर्ची चौथी होती. नोंदवही माझ्यासमोर होती, खूण दिसत होती, आणि त्या काही क्षणांत मला माझ्याच वाचनाविषयी शंका येऊ लागली. तिघांनाही जे दिसले नाही ते मलाच कसे दिसले असेल? मी म्हणालो, “सर्वसाधारणपणे सहमत.” पाचवे सदस्य नुसतेच मान हलवून मोकळे झाले. इतिवृत्त आले तेव्हा त्यातून ‘सर्वसाधारणपणे’ गळाले होते आणि ‘एकमताने’ हा शब्द आला होता. त्यावरही मी सही केली. भांडारपालाची वेतनवाढ रोखण्यात आली आणि त्याची बदली झाली.

तीन दिवसांनी त्या बाई मला जिन्यात भेटल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “त्या चिठ्ठीची तारीख तुम्हाला खटकली नाही का हो?” पाचांपैकी निदान दोघांना सत्य ठाऊक होते, आणि प्रत्येकाला आपण एकटेच आहोत असे वाटत होते.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अॅश यांचे १९५१ पासून प्रसिद्ध झालेले प्रयोग मी फार उशिरा वाचले. दिलेल्या रेषेएवढी लांब रेषा समोरच्या तीन रेषांपैकी कोणती, हे एकेकाने मोठ्याने सांगायचे, एवढेच काम होते. खरा सहभागी एकच असे. बाकीचे प्रयोगकर्त्याला सामील असत आणि १८ पैकी १२ फेऱ्यांत ठरवून एकच चुकीचे उत्तर देत. एकट्याने उत्तर देताना लोक जवळजवळ कधीच चुकत नव्हते, परंतु या मांडणीत सुमारे एक तृतीयांश उत्तरे गटामागे गेली, आणि सुमारे तीन चतुर्थांश लोक एकदा तरी वाहवले. त्या खऱ्या सहभागीला बहुधा शेवटून दुसऱ्या जागी बसवत असत. हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते.

याच प्रयोगांतील ज्या निष्कर्षांविषयी कमी बोलले जाते ते मला अधिक महत्त्वाचे वाटतात. गटात एकच माणूस बरोबर उत्तर देणारा निघाला की वाहवण्याचे प्रमाण झपाट्याने उतरत असे, आणि उत्तर गुप्तपणे लिहून द्यायचे असले तरीही ते उतरत असे. स्टॅन्ले मिलग्रॅम यांच्या प्रयोगात सहभागीला दुसऱ्या माणसाला विजेचे वाढते धक्के देण्याची आज्ञा होती (धक्के खोटे होते, पण हे त्याला ठाऊक नसे), आणि तेथेही तेच दिसते: एका गाजलेल्या मांडणीत ४० पैकी २६ जण आज्ञेनुसार शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले, परंतु शेजारी बसलेल्या दोघांनी पुढे जाण्यास नकार दिला तेव्हा ४० पैकी फक्त ४ जण तिथवर पोहोचले. (विद्यार्थ्यांनाच रक्षक आणि कैदी करून पाहिलेल्या स्टॅनफर्डच्या १९७१ च्या तुरुंग-प्रयोगाचा दाखला आपल्याला बरेच जण देतील. मी देणार नाही, कारण तेथील रक्षकांना कसे वागायचे याच्या सूचना आधीच मिळालेल्या होत्या.)

संस्था तर माणसाला गप्प राहण्यासाठी नवी भूमिकाही बहाल करते. चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, २७ जानेवारी १९८६ रोजी, थंडीत रॉकेटच्या जोडांमधील रबरी कडी दगा देतील म्हणून ती रॉकेटे बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी उड्डाणाला विरोध केला होता. तेव्हा अभियांत्रिकी विभागाच्या उपाध्यक्षांना त्यांच्या वरिष्ठांनी सांगितले की, अभियंत्याची टोपी काढा आणि व्यवस्थापकाची घाला. मराठीत टोपी घालण्याचा जो अर्थ होतो तोही येथे चपखल बसतो. शिफारस बदलली, आणि दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी ते यान सात जणांसह नष्ट झाले.

आमचे अध्यक्ष निवृत्त झाले त्या दिवशी मी धीर करून त्यांना त्या चिठ्ठीविषयी सांगितले. ते शांतपणे म्हणाले, “तुम्हाला कोणी अडवले होते का? बोलला असता तर मी ऐकले असते.” मी निरुत्तर झालो, आणि ते वाक्य आजही मला सलते. कदाचित त्यांनी खरेच ऐकले असते. परंतु सर्वांत वरच्या माणसाने सर्वांत आधी निकाल सांगायचा आणि मग इतरांच्या मौनाला त्यांचा दुबळेपणा म्हणायचे, हा न्याय मला मान्य नाही. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या काळात १९६१ च्या बे ऑफ पिग्ज मोहिमेवेळी, म्हणजे क्यूबावरील फसलेल्या चढाईवेळीही, असेच मौन दिसले होते. ऐतिहासिक जाण असलेले त्यांचे सल्लागार श्लेसिंजर यांनी आपला विरोध टिपणात लिहून कळवला, परंतु बैठकांत ते गप्प राहिले. पुढच्याच वर्षी क्यूबातील क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगात केनेडी सल्लागारांच्या काही बैठकांपासून मुद्दाम दूर राहिले, जेणेकरून इतरांनी मोकळेपणाने बोलावे. अध्यक्षाने शेवटी बोलावे, सदस्यांची मते चर्चेपूर्वी लिहून घ्यावीत, आणि सर्वांत कनिष्ठाला पहिली पाळी द्यावी. मी स्वतः पुढे जेव्हा जेव्हा समितीचा अध्यक्ष झालो तेव्हा हेच केले, आणि दर वेळी एक तरी चिठ्ठी अशी निघाली जी तोंडी फेरीत निघाली नसती.

आपण नवे असाल तर एवढे करून पाहा: बैठकीपूर्वी आपले मत दोन ओळींत लिहून पाठवा आणि बैठकीआधी एखाद्या सहकाऱ्याला खाजगीत विचारा. मी त्या बाईंना तीन दिवस आधी विचारले असते तर आम्ही दोघे झालो असतो.

काही गोष्टी मात्र जोडायला हव्यात. अॅश यांचे सहभागी अमेरिकी महाविद्यालयांतील तरुण पुरुष होते, आणि चुकीच्या उत्तराने कोणाचे काही बिघडणार नव्हते; समितीच्या खोलीवर ते निष्कर्ष जसेच्या तसे लादणे योग्य नाही. गट माणसाला नेहमी बिघडवतोच असेही नाही. माझ्या पहिल्या विभागात प्रमुख दर आठवड्याला आधी स्वतःची चूक सांगत, त्यामुळे आम्हीही सांगत असू, आणि नोंदवही पानोपान वाचण्याची सवय मला तेथेच लागली.

आणि आणखी एक, जे वर लिहिताना मी टाळले. त्या महिन्यात माझ्या बढतीची शिफारस त्याच अध्यक्षांच्या टेबलावर होती. चौथ्या खुर्चीवर बसून मला माझ्या वाचनाविषयी शंका आली हे खरे आहे, परंतु ती शंका माझ्या सोयीची होती. रेषा मोजणाऱ्या त्या तरुणांपुढे असली कोणतीच शिफारस नव्हती. मला बढती मिळाली.